मेलेले डिव्हाइस ॲपमधून काढले तरी सकाळी परत हजर, काय करू?

सुदामानगरवाला (इंदूर)

नमस्कार मंडळी. आमच्या घरात चालू असलेल्या स्मार्ट वस्तू मी हाताने मोजल्या, ९ भरल्या, आणि ॲपमध्ये दिसतात २३. हे सगळं माझ्या धाकट्या भावाने बसवलं, लॉकडाऊनमध्ये घरी होता तेव्हा रोज एक खोकं यायचं, आता तो जर्मनीत आहे आणि निस्तरतोय मी. बल्ब उडाला की तो नवीन लावायचा पण जुना यादीतून कधी काढलाच नाही, त्यामुळे "हॉल लाइट", "हॉल लाइट १", "हॉल लाईट नवा" असे तीन आहेत आणि त्यातला एकच जिवंत.

त्रास कुठे होतो सांगतो, आई संध्याकाळी दिवेलागणीला स्पीकरला म्हणते हॉलचा लाइट लाव, तो विचारतो कोणता, तिघांची नावं घेतो, आई म्हणते "अरे जो आहे तो लाव रे बाबा" आणि शेवटी उठून बटण दाबते. बाबा तर आता त्याच्याशी बोलतच नाहीत.

मागच्या रविवारी बसून १३ मेलेले काढून टाकले, खूश झालो, सोमवारी सकाळी बघतो तर ५ परत आलेले! आणि एक "न्यू डिव्हाइस २" म्हणून आहे तो तर चक्क ऑनलाइन दाखवतो पण तो काय आहे, कुठे आहे, घरात कुणालाच माहीत नाही. भावाला विचारलं तर म्हणतो दादा मला पण आठवत नाही. कंपन्यांची नावं मुद्दाम टाकत नाही, नाहीतर इथे त्याच्यावरच भांडणं सुरू होतात. कुणी हे केलं असेल तर सांगा यार.

---

रावपुरा_कट्टा (बडोदा)

दादा, तुम्ही स्पीकरच्या ॲपमधून काढलेत ना? तिथेच चुकलं. मूळ वही असते बल्बच्या कंपनीच्या ॲपमध्ये आणि स्पीकरकडे असते तिची झेरॉक्स. झेरॉक्सवर खोडलंत, रात्री त्याने परत झेरॉक्स मारली, झालं. अलेक्सा असो नाहीतर गूगल होम, जोपर्यंत ते बल्बच्या ॲपच्या खात्याला जोडलेलं आहे तोपर्यंत नवीन शोध झाला की नाव परत येणारच.

म्हणून आधी बल्बच्या ॲपमध्ये जा. ते स्मार्ट लाइफ किंवा तुयाचं ॲप असेल (भारतात विकले जाणारे कितीतरी ब्रँड आतून तेच आहेत, वर स्टिकर वेगळं) तर डिव्हाइस उघडून वर पेन्सिल की तीन ठिपके असतात तिथून रिमूव्ह. त्यात दोन पर्याय विचारतो, नुसतं डिसकनेक्ट आणि डिसकनेक्ट अँड वाइप डेटा. मेलेल्याला दुसरा. मग स्पीकरच्या ॲपमध्ये या आणि तिथे उरलेली नावं काढा. गूगलवाला असेल तर तोंडाने "सिंक माय डिव्हायसेस" म्हटलं की तो यादी ताजी करून घेतो. अलेक्सामध्ये मात्र उरलेल्या प्रत्येकावर जाऊन कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबावं लागतं, कंटाळवाणं आहे पण एकदाच.

एक सांभाळा, गूगल होममध्ये अशा जोडलेल्या बल्बवर अनलिंक दाबलं तर तो एकटा जात नाही, त्या कंपनीचं अख्खं खातंच सुटतं आणि तुमचे ९ चांगलेही जातात. माझ्या मेहुण्याने हे केलंय, संध्याकाळी सहा वाजता, घरी सत्यनारायण होता.

आणि पहिला प्रश्न, बल्बच्या ॲपमध्ये तुमचं स्वतःचं खातं आहे का भावाचं?

---

सुदामानगरवाला (इंदूर)

भावाचं. मला त्याने मेंबर करून ठेवलंय. आत्ता उघडून बघितलं, लाइट चालू-बंद करता येतो पण रिमूव्ह कुठे दिसतच नाही, मला वाटलं माझा फोन जुना म्हणून.

---

रावपुरा_कट्टा (बडोदा)

फोन नाही हो, तुम्ही कॉमन मेंबर आहात. म्हणजे घरातले पण सातबाऱ्यावर नाव नाही. भावाला म्हणा होम मॅनेजमेंटमध्ये जाऊन ॲडमिन कर, दोन मिनिटांचं काम आहे, जर्मनीतून होतं.

---

लष्कर_४७ (ग्वाल्हेर)

वरचं सगळं बरोबर आहे पण एक गोष्ट कुणी सांगत नाही ती मी सांगतो कारण मी भोगली आहे. ॲपमधून काढलं म्हणजे त्या वस्तूच्या डोक्यातून गेलं असं नाही. आमच्याकडे गिझरला १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग होता, रोज पहाटे साडेपाचला चालू सहाला बंद असं लावलेलं. उन्हाळा आला, गिझर नको, मी ॲपमधून प्लग काढला आणि विसरलो. प्लग भिंतीतच. मे महिन्यात ग्वाल्हेरचं ऊन काय असतं ते इंदूरवाल्यांना सांगायला नको, टाकीचं पाणी नळातूनच कढत येतं, आणि वडील म्हणतात अरे सकाळी गिझरचा दिवा लागलेला असतो. मी म्हणालो शक्यच नाही. एक दिवस अलार्म लावून पहाटे उठलो, बाथरूमबाहेर उभा राहिलो, बरोबर साडेपाचला टक्क. भूत बघितल्यासारखं झालं.

झालं असं की काही प्लग शेड्यूल स्वतःच्या पोटात ठेवतात, नेट नसलं तरी चालावं म्हणून. मी काढलं तेव्हा प्लगचं नेट गेलेलं होतं, त्यामुळे त्याला बिचाऱ्याला कळलंच नाही की याला काढून टाकलंय. दोन किलोवॅटचा गिझर रोज अर्धा तास म्हणजे रोज एक युनिट, महिन्याला तीस.

तेव्हा जी वस्तू जिवंत आहे आणि तुम्हाला नको आहे ती आधी ऑनलाइन आणा, मग ॲपमधून काढा, आणि वर तिचं बटण पाच-सात सेकंद दाबून रिसेट मारा, दिवा भराभर लुकलुकला की समजा सगळं विसरली. बल्बला बटण नसतं, त्याला भिंतीच्या स्विचवरून चालू-बंद चालू-बंद करावं लागतं, बहुतेकांना तीन वेळा पण प्रत्येकाचं वेगळं असतं.

---

पोहे_जलेबी (इंदूर)

भिया इतकं कशाला, वायफायचा पासवर्ड बदलून टाका ना. सगळे एका झटक्यात बाहेर.

---

लष्कर_४७ (ग्वाल्हेर)

आणि मग ते ९ चांगले पण बाहेर, ते तुम्ही येऊन जोडून देणार का? शिवाय मेलेल्यांची नावं यादीत तशीच राहणार, ती वायफायमध्ये नसतातच मुळी, खात्यात असतात.

---

पोहे_जलेबी (इंदूर)

बरं बाबा, मागे घेतो 😄

---

अलकापुरी_ताई (बडोदा)

मी होम असिस्टंट (वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एका जागी चालवणारं सॉफ्टवेअर) वापरते, तुमचा मामला सोपा आहे, पण कुणी झिगबीवालं (वायफायऐवजी स्मार्ट वस्तूंचं वेगळं बिनतारी नेटवर्क) हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी. झिगबीमध्ये वीज लावलेला जवळजवळ प्रत्येक प्लग किंवा बल्ब दुसऱ्यांचा निरोप पुढे पोचवायचं काम करतो. सेलवर चालणारे दाराचे सेन्सर अशाच एखाद्याचं बोट धरून असतात. तुम्ही मधलाच प्लग उपटलात की मागचे दोन-तीन सेन्सर गप्प होतात आणि माणूस उगाच सेल बदलत बसतो. मी बसले होते, चार नाण्यासारखे सेल घालवले. काही तासांनी काही जण आपणहून दुसरा आधार शोधतात, जे शोधत नाहीत त्यांना पुन्हा पेअर करायचं. आणि काढताना वस्तू चालू असेल तर तिला "नेटवर्क सोड" असा हुकूम जातो, ती नीट निघते. मेली असेल तर झिगबी टू एमक्यूटीटीमध्ये (झिगबीच्या वस्तू होम असिस्टंटला जोडून देणारा प्रोग्राम) फोर्स रिमूव्ह, म्हणजे जबरदस्तीने काढणं.

एमक्यूटीटीवरून (वस्तूंचे निरोप ने-आण करायची पद्धत) आलेलं एखादं नाव होम असिस्टंटमध्ये काढलं तरी रीस्टार्टनंतर परत उगवत असेल तर ब्रोकरकडे (निरोप वाटणारा मधला प्रोग्राम) रिटेन केलेला, म्हणजे जपून ठेवलेला जुना मेसेज पडलेला असतो. त्याच टॉपिकवर, म्हणजे निरोपाच्या त्याच पत्त्यावर, रिकामा मेसेज रिटेन लावून पाठवला की जातो. हे मला कळायला एक अख्खी दिवाळीची सुट्टी लागली.

अजून एक, जुन्याच्या जागी नवा बल्ब लावताना नव्याला जुन्याचं एंटिटी नाव (होम असिस्टंट ज्या नावाने वस्तू ओळखतं ते) द्या, म्हणजे ऑटोमेशनं हात न लावता चालतात. फक्त आधी जुना काढा, मगच ते नाव मोकळं होतं.

मूळ प्रश्नाबद्दल, तो "न्यू डिव्हाइस २" घाईने काढू नका. ऑनलाइन आहे म्हणजे कुठेतरी वीज खातोय आणि काहीतरी काम करतोय. ॲपमधून एकदा ऑन-ऑफ करा, घर शांत असताना, रात्री वगैरे. प्लग असेल तर आतला रिले (वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) टक् वाजतो. वॅट दाखवत असेल तर तेही बघा, ९ वॅट असेल तर बल्ब, २००० च्या आसपास तर गिझर. आणि एकदाच हं, मोटर किंवा फ्रिज असेल तर खेळत बसायचं नाही त्याच्याशी.

---

सुदामानगरवाला (इंदूर)

ताई धन्यवाद. काल रात्री साडेअकराला केलं. भावाने ॲडमिन केलं होतं, १३ मेलेले बल्बच्या ॲपमधून काढले, मग स्पीकरमधून, सकाळी बघितलं, एकही परत आला नाही!! आई पहिल्यांदाच स्पीकरला शाबास म्हणाली.

न्यू डिव्हाइस २ मात्र सापडला नाही. ऑफ केला, मग घरभर कान लावून फिरलो, बायको म्हणते हे काय चाललंय. काहीच वाजलं नाही. वॅट दाखवतो पण आधी पण शून्य आणि नंतर पण शून्य. मला वाटतं माळ्यावर गणपतीच्या सजावटीच्या खोक्यात एखादा असेल, पण मग त्याला वीज कोण देतंय. ऑफच ठेवलाय सध्या, दोन दिवस कुणी काही बोललं नाही तर काढून टाकतो.

---

लष्कर_४७ (ग्वाल्हेर)

माळ्यावर जाऊन बघा आधी. आणि जे जुने बल्ब-प्लग निघालेत ते कुणाला देऊ नका, दिलेत तर रिसेट करूनच द्या. २०१९ मध्ये एकाने स्मार्ट बल्ब फोडून दाखवला होता, आत वायफायचा पासवर्ड साध्या अक्षरांत पडलेला. कॅमेरा असेल तर कार्ड काढून घ्या, आणि खात्यातून सोडवल्याशिवाय दिलात तर पुढच्याला जोडताच येत नाही, तो तुम्हालाच फोन करणार.

---

पोहे_जलेबी (इंदूर)

आणि मेलेले ओल्या कचऱ्यात टाकू नका हो, आपल्या कचरागाडीला ई-वेस्टचा वेगळा कप्पा असतो. नाहीतर गाडीवाला सगळ्या गल्लीसमोर ऐकवेल.

---

सुदामानगरवाला (इंदूर)

सापडला!!!

आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. आज पाण्याचा दिवस. सकाळी सहाला मागच्या ब्लॉकमधल्या काकू दारात, हातात बादली, "अरे माझी मोटर मेली बघ, इलेक्ट्रिशियनला फोन कर, पाणी निघून जाईल." मी चप्पल घालतोय तेवढ्यात डोक्यात वीज चमकली. फोन काढला, न्यू डिव्हाइस २ ऑन केला, मागून घर्रर्र आवाज आला आणि ॲपमध्ये वॅट एकदम शून्यावरून पाचशेच्या घरात. काकू माझ्याकडे बघतायत, मी फोनकडे.

भावाला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे रात्रीचे अडीच वाजले होते, उठवलाच. तेव्हा त्याला आठवलं, काकूंची टाकी नेहमी वाहून जायची म्हणून जाताना त्याने मोटरला प्लग लावून दिला होता, सुरू झाल्यावर २० मिनिटांनी आपोआप बंद, आणि वायफाय अर्थात आमचं. काकूंना ते माहीतच नव्हतं, त्यांना वाटायचं मोटर हुशार आहे.

ताई तुम्ही थांबवलं नसतं तर मी रविवारीच काढून टाकला असता. तर आता यादीत १० आहेत. त्याचं नाव बदलून "काकूंची मोटर हात लावू नये" ठेवलंय, पण काकू म्हणतात मोटर कशाला, नुसतं काकू ठेव, म्हणजे मी स्पीकरला सांगेन काकूंना चालू कर.