अनुभव धागा : ‘बोलेल की, घाई काय?’

आमच्या धाकट्याच्या दुसऱ्या वाढदिवसापासून तिसऱ्यापर्यंत हे वाक्य मला घरातल्या प्रत्येकाने ऐकवलं. त्याचे बाबाही म्हणे उशिराच बोलले होते. मोठीने दीड वर्षाची असतानाच बडबडून डोकं खाल्लं होतं, आणि हा दोन वर्षांचा झाला तरी मोजून सहा शब्द. त्यातला एक ‘आं’. तो दिवा, पंखा, गाडी, कुत्रा, सगळ्यांना चालायचा.

आता तो साडेचार वर्षांचा आहे आणि बोलतो. पण मधल्या काळात मी जे केलं त्यातलं निम्मं चुकीचं होतं. दिवसभर मी त्याची परीक्षा घ्यायचे. ‘हे काय आहे? सांग ना. बॉल म्हण. म्हण ना, बॉल.’ तो माझ्याकडे बघायचा आणि निघून जायचा. स्पीच थेरपिस्टने आमचा दहा मिनिटांचा खेळ नुसता बघितला आणि म्हणाली, “तुम्ही चाळीसेक प्रश्न विचारलेत. त्याची पाळी आलीच नाही.” मला रागच आला. घरी येऊन नवऱ्याला मोबाइलवर शूटिंग करायला लावलं. बाई खरं बोलत होत्या.

मग प्रश्न बंद केले. त्याच्यासोबत जमिनीवर बसायचं, तो जे करतोय तेच बोलायचं: ‘बॉल गेला. पलंगाखाली गेला.’ आणि गप्प बसून मनात दहापर्यंत मोजायचं. पहिल्या दिवशी मला चारपर्यंतही धीर धरवेना. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी नऊवर ‘खाई’ असा आवाज आला. खाली!

तुमच्या घरात, तुमच्या वर्गात काय उपयोगी पडलं, काय फसलं, ते लिहा. उपदेश नको, घडलेलं सांगा. मुलांची आणि शाळांची नावं टाळा.

एक बाबा

आमचं कानाचं प्रकरण. लेक तीन वर्षांची, बालवर्गातून रोज तक्रार: लक्ष देत नाही, हाक मारली तरी आपल्याच नादात. जन्मानंतरची श्रवण चाचणी ठीक आली होती, म्हणून कानाचा विचार आमच्या मनातच आला नाही. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्यामागे पाणी साठलंय. हे बहुतेक वेळा दुखत नाही, ताप येत नाही, म्हणून कळतही नाही. सर्दी झाली की वाढतं, मग थोडं ओसरतं. मूल सोमवारी ऐकतं आणि गुरुवारी ऐकत नाही. मग त्याला हट्टी म्हणायला आपण मोकळे.

ती बहिरी नव्हती. तिला जग उशीतून ऐकू येत होतं. स, फ असले हलके आवाज आणि शब्दांची शेपटं गळून जायची, आणि जे ऐकूच येत नाही ते बोलणार कसं? तीन महिने वाट पाहिली, पाणी गेलं नाही, मग भूल देऊन पडद्यात बारीक नळ्या बसवल्या. दुसऱ्या दिवशी मी शेजारी कागद चुरगळला तर ती दचकली. मला अपराधी वाटायचं ते तेव्हापासून.

‘नाव घेतलं की वळून बघते’ ही घरगुती परीक्षा पुरेशी नाही. आमची वळायची.

दोन मुलांची आई

आमच्याकडे तर जिभेखालची शीर कापायचं चाललं होतं. शेजारपाजारच्या चौघांनी निदान करून टाकलं होतं. डॉक्टरांनी मुलाला जीभ बाहेर काढायला लावली, वर उचलायला लावली, आणि म्हणाले, जीभ बांधलेली असली तर एखाददुसऱ्या उच्चाराला त्रास होऊ शकतो, पण शब्दच येत नसतील तर कारण दुसरीकडे शोधा. एवढंच लिहायचं होतं.

बालवर्गाची शिक्षिका, 19 वर्षं

वरच्या बाबांनी ‘लक्ष देत नाही’ लिहिलंय. मीही प्रगतिपुस्तकात हे वाक्य किती मुलांना चिकटवलं असेल! एका मुलाचं अजून टोचतं. ‘वह्या काढा, तारीख घाला आणि मग चित्राचं पान उघडा’ म्हटलं की तो फक्त पान उघडायचा. मग शेजाऱ्याकडे बघून बाकीचं. मी त्याला नक्कल करणारा म्हणायचे. पुढे तिसरीत कळलं की त्याला भाषेचीच अडचण होती. बुद्धी चांगली, कान उत्तम, पण लांब वाक्य डोक्यात टिकायचं नाही. याला डीएलडी (डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर) म्हणतात, आणि साधारण चौदा मुलांत एकाला ते असतं. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात दोघं. त्या दोघांकडे मी वर्षानुवर्षं बघून न बघितल्यासारखं केलं. आता सूचना एका वेळी एकच देते आणि हातात वस्तू धरून देते. बाकीच्या अठ्ठावीस जणांचंही त्याने काही बिघडलं नाही.

दुसरी गोष्ट थांबण्याची. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970च्या सुमारास वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकल्या, तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारीही तोंड उघडतात. प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा हसू आलं, तीन सेकंदांत काय होतंय! वर्गात करून बघा. तीन सेकंद म्हणजे युग असतं. मी चपलेच्या आत अंगठा तीनदा दाबते, तोवर तोंड बंद. खरा त्रास हुशार मुलांचा, ती दुसऱ्याचं उत्तर पटकन सांगून टाकतात. एक मुलगी तर शेजारणीची वकीलच झाली होती, “बाई, तिला पाणी हवंय.” दोघींना आठवडाभर वेगळं बसवलं तेव्हा शेजारीण स्वतः येऊन “पाणी” म्हणाली. वकीलबाई रुसल्या.

उच्चार चुकला तर ‘नीट म्हण’ म्हणणं मी सोडलं. पोर धावत येऊन “ताईनं मायलं” म्हणतं, तेव्हा त्याला मारलंय हे महत्त्वाचं. “ताईने मारलं? कुठे मारलं?” एवढं आपण म्हणायचं. बरोबर शब्द त्याच्या कानावर पडतो आणि तक्रारही ऐकली जाते.

पुस्तकाचं म्हणाल, तर एकच गोष्ट पंधरा दिवस चालवते. पहिल्या दिवशी मी बोलते. पाचव्या दिवशी मी वाक्य अर्धं सोडते. दहाव्यापर्यंत मुलं मला सांगत असतात, आणि मी मुद्दाम चुकते.

मी 34 वर्षांचा, तोतरा

मुद्दाम हाच शब्द वापरतोय. बोबडं वेगळं, तोतरं वेगळं, लोक दोन्ही एकत्र करतात. बोबड्याचा उच्चार बदलतो, तोतऱ्याचा शब्द अडकतो. काय म्हणायचंय ते मला शंभर टक्के माहीत असतं.

हजेरीला ‘हजर’ म्हणता यायचं नाही. ‘ह’वर सगळा वर्ग माझी वाट बघत असायचा. सगळे एकच सांगायचे: सावकाश बोल, श्वास घे, घाबरू नकोस. या सल्ल्याने आणखी घट्ट अडकायचं, कारण आता अडखळू नये हे एक जादा काम. आणि काही जण माझं वाक्य पुरं करून द्यायचे, तेही चुकीचं. एक सर तेवढे वेगळे. ते काही न बोलता, नजर न चुकवता उभे राहायचे, मग उत्तराबद्दल बोलायचे.

माझी लेक साडेतीन वर्षांची असताना ‘म-म-म-मला’ सुरू झालं आणि माझ्या पोटात गोळा आला. शंभरातल्या पाचेक मुलांना या वयात कधीतरी हे होतं आणि बहुतेकांचं सुटतंही. पण घरात आधीच कोणी तोतरं असेल तर सुटेल म्हणून बसून राहू नये, तेव्हा आम्ही लगेच गेलो. तिथे धडे आम्हालाच दिले: आई-बाबांनी स्वतःच्या बोलण्याचा वेग कमी करायचा, एकमेकांचं तोडायचं नाही, रोज पाच मिनिटं फक्त तिची. तिला ‘सावकाश’ हा शब्द उच्चारायचा नाही. तिचं कधी जातं, कधी येतं. काल आलं होतं. तिने वाक्य पुरं केलं, मी पुरं ऐकलं.

घरी मराठी, शाळेत दुसरी भाषा

लेकरू उशिरा बोलतंय म्हटल्यावर शाळेने सांगितलं, ‘घरी शाळेचीच भाषा बोला, दोन भाषांनी गोंधळ होतो.’ सहा महिने पाळलं. मला ती भाषा ऑफिसपुरती येते, त्यात लाड करता येत नाहीत की धड रागावता येत नाही. घरात वाक्यं आखूड झाली. सासूबाई तर नातवाशी बोलायच्याच थांबल्या.

नंतर थेरपिस्टने पहिल्याच भेटीत सांगितलं, दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. अडचण असलीच तर ती दोन्ही भाषांत दिसते. शब्द मोजायचे तर दोन्हींतले मिळून मोजा. आम्ही मोजले तर आमच्या हिशेबापेक्षा जवळपास दुप्पट निघाले. सहा महिने वाया गेले याचं मला अजून वाईट वाटतं.

आजी

धाग्याचं नाव वाचून लिहिते आहे. ‘बोलेल की’ म्हणणारी ती मीच, म्हणजे प्रत्येक घरातली मी. नातवाने बोट दाखवायच्या आत वस्तू हातात देणारीही मीच. थेरपिस्ट मुलगी म्हणाली, आवडती गाडी घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवा आणि डबा त्याच्यासमोर. मला हे निर्दय वाटलं, तोंडावर सांगितलं तसं. पोरगं डबा उलटापालटा करून माझ्याकडे घेऊन आलं. मी कळलंच नाही असं दाखवलं, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड नाटक. तो म्हणाला, “उघ.” अर्ध्या शब्दाला अख्खा डबा उघडला. पूर्ण ‘उघड’ म्हण, असा हट्ट मात्र धरायचा नाही, हे तिने बजावलं होतं.

नऊ वर्षांच्या मुलाची आई

इथे सगळ्यांची मुलं शेवटी बोललेली दिसतात. माझा नाही बोलला. तो स्वमग्न आहे आणि त्याचे तोंडी शब्द अजूनही तीन-चारच.

चित्रकार्डांबद्दल आम्हाला तो तीन वर्षांचा असतानाच सांगितलं होतं. ‘चित्रं दिली तर बोलायचा आळस करेल’ या भीतीने मी दोन वर्षं टाळलं. आता मला माहीत आहे की चित्रांनी किंवा खुणांनी बोलणं अडत नाही, कित्येकांना उलट मदतच होते. त्याने आपणहून हातात दिलेलं पहिलं कार्ड होतं ‘नको’. तोपर्यंत त्याचं ‘नको’ मी माझ्या दंडावरच्या दातांच्या खुणांत वाचत होते.

आता टॅबलेटवर चित्राला बोट लावलं की आवाज येतो. एका शाळेत दंगा केला म्हणून शिक्षा म्हणून तो टॅबलेट काढून घ्यायचे. बोलणाऱ्या मुलाच्या तोंडाला शिक्षा म्हणून पट्टी लावली असती का? शाळा बदलली. नव्या वर्गात मुलं त्याच्या टॅबलेटवरून एकमेकांना चिडवतात. तोही चिडवतो. बाई वैतागतात आणि मला बरं वाटतं.

पहिलीतल्या मुलीचे बाबा

आमची घरी अखंड बडबड आणि शाळेत सात महिने एक अक्षर नाही. आगाऊ, शिष्ट, सगळी विशेषणं मिळाली. बोललीस तर स्टिकर, हा प्रयोगही झाला, त्याने ती आणखी आक्रसली. हा हट्ट नसून भीती आहे, हे समुपदेशकाकडून कळलं. मग शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात ती आणि आई खेळायच्या. पुढच्या आठवड्यात बाई दाराबाहेर. मग दारात. मग कोपऱ्यात वह्या तपासत, तिच्याकडे न बघता. दीड महिन्याने ती खेळताना बाईंसमोर हसली, आवाज येईल इतकी. बाईंनी वही तपासणं चालू ठेवलं. त्या क्षणी मान वर न करणं किती कठीण गेलं असेल!

या क्षेत्रात काम करणारी

आजींची बाजू घेते. दोन वर्षांच्या शंभर मुलांतली दहा-पंधरा मागे असतात आणि त्यातली बरीच खरंच भरून काढतात. म्हणून ‘बोलेल की’ पुष्कळदा खरं ठरतं. पण भरून काढणारं मूल कोणतं आणि न काढणारं कोणतं, हे दोन वर्षांच्या वयात खात्रीने सांगता येत नाही, मलाही नाही. म्हणून तपासायचं. वर्षाचं झालं तरी बोट दाखवणं, टाटा करणं नाही, दोन वर्षांचं झालं तरी ‘बाबा गेले’ असे दोन शब्द जोडत नाही, किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात गेले, तर वाट बघू नका. शेवटचं तर त्याच आठवड्यात दाखवा.

मोबाइलचा विषय कोणी काढलेला नाही, आश्चर्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019मध्ये वर्षाखालच्या बाळांना स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्यांना दिवसाला तासाहून जास्त नको असं सांगितलंय. माझ्याकडे येणारे आईबाप मुलाच्या स्क्रीनबद्दल खूप बोलतात, स्वतःच्या कमी.

नवीन आई

सगळं एका बैठकीत वाचलं. माझी 22 महिन्यांची आहे, शब्द चार. कानाचं लिहिणाऱ्या बाबांचं वाचून फोन केला, मंगळवारी दुपारी बेरा टेस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी आहे. झोपलेली असतानाच करतात म्हणे. ही दुपारची झोपतच नाही. काय करू?

तेच एक बाबा

सोमवारी रात्री उशिरा झोपवा, मंगळवारी पहाटे उठवा आणि जाताना गाडीत डोळा लागू देऊ नका. हिचं आवडतं पांघरूण सोबत घ्या. आम्ही विसरलो होतो, दुसऱ्यांदा जावं लागलं.