काळ्या मातीत 15 मीटर टॉवर: पाया किती खोल, किती रुंद?

प्रश्न (अक्कलकोट रोड, सोलापूर)
तीनपायी, बिनतणाव्याचा जाळीदार टॉवर उभा करायचाय. पायांत एक मीटर अंतर, माथ्यावर साधारण 1 चौरस मीटरचा अँटेना. जागेवर चार फूट काळी, खाली मुरूम. ठेकेदार म्हणतो तीन फूट खड्डा बास, बोल्ट नंतर ड्रिल मारून बसवू. चालेल का?

मुरूमवाला
नाही चालणार. तीन फुटांवर पाया काळीतच राहतो. काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ब्लॉक एका बाजूने हलला की ओळंबा गेलाच. तळ मुरमात फूटभर तरी जाऊ द्या.

आता आकार. वारा 39 मीटर प्रतिसेकंद धरला तर दाब 0.6 × 39², म्हणजे चौरस मीटरला 913 न्यूटन, साधारण 93 किलो. टॉवरच्या सांगाड्यावरचा वारा धरून तळाशी उलथवणारा जोर (बल गुणिले अंतर) 3 टन-मीटरच्या पुढेच जाईल. नुसता 2 × 2 × 1.7 मीटरचा ठोकळा 6.8 घनमीटर काँक्रीट खातो आणि स्वतःच्या वजनाने 16.3 टन-मीटरपर्यंत उलथू देत नाही. त्याऐवजी खाली 2.5 × 2.5 × 0.6 ची पाटी (रुंद, सपाट ठोकळा), वर 1.4 × 1.4 × 1.1 चा खांब: 5.9 घनमीटरमध्ये 17.7 टन-मीटर. पाटीवरच्या भरावाचं वजन वेगळंच. हा अंदाज झाला. सळई आणि तळाचा दाब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्या, वारा आयएस 875 भाग 3 (वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे धरून.

भराव मुरमाचाच, 20 सेंमीचे थर, प्रत्येक थरावर धुम्मस. खणलेली काळी परत टाकू नका. मात्र काळीतला मुरमाचा खड्डा पाणी साठवतो, म्हणून वर बाहेर उताराचा कोबा हवाच.

सळई_आणि_बोल्ट
ड्रिलचं विसरा. 3 टन-मीटरला एका पायावर साडेतीन टनांची वर ओढ येते. बोल्ट सळयांच्या पिंजऱ्यात उतरवून वर-खाली दोन स्टील टेम्पलेटांत (भोकं पाडलेल्या साच्याच्या पट्ट्यांत) जखडा, आट्यांना टेप गुंडाळा. व्हायब्रेटरची सुई बोल्टला लागली की तो सरकतो, म्हणून ओतून झाल्या झाल्या बोल्टांमधली अंतरं पुन्हा मोजा; तासाभराने काही करता येत नाही.
तळाला 10 सेंमी पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), कव्हर (सळईबाहेरचं काँक्रीट) 50 मिमी, काँक्रीट एम25 ग्रेडचं.

प्रश्नकर्ता
छोट्या मिक्सरवर दोन दिवसांत ओतलं तर? पाणी बोअरचं आहे.

मुरूमवाला
पाटी एका दमात, खांब दुसऱ्या दिवशी चालेल, पण सांधा खरवडून, धुऊन, सळया आधीच वर काढून ठेवलेल्या हव्यात. आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी आत येत असेल तर सहा घनमीटर म्हणजे एकच खेप, डोकेदुखी संपली. 50 किलोच्या पोत्याला 25 लिटरवर पाणी नको. मिस्त्री हमखास वाढवतो. बोअरच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिग्रॅच्या आत आहे का तपासा. एप्रिल-मेमध्ये पहाटे ओता, ओली पोती टाकून किमान 10 दिवस पाणी मारा. टॉवर 28 दिवसांनी.

सळई_आणि_बोल्ट
अर्थिंगची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी ओतण्याआधीच पिंजऱ्याला वेल्ड करून बाहेर काढा, तिन्ही पायांना जोडायला.