चिऱ्यांच्या भिंतीवर व्हिनाइल सायडिंग: पश्चिमेच्या झडीसाठी कसं बसवायचं?

माडाखालचं घर:
पेडणे तालुक्यात समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर चिऱ्यांचं (जांभ्या दगडाचं) घर आहे. पश्चिमेची भिंत ६ मीटर लांब, ३ मीटर उंच, एक खिडकी. पावसात झड थेट लागते, गिलावा फुगतो. दरवर्षी झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधण्याऐवजी व्हिनाइल सायडिंग, म्हणजे भिंतीबाहेर लावायच्या पीव्हीसीच्या पट्ट्या, स्वतः बसवायचा विचार आहे. पट्ट्या थेट भिंतीवर ठोकल्या तर चालतील का? सामान किती लागेल?

चिरेबंदी:
थेट ठोकू नका. सायडिंग पाणी पूर्ण अडवत नाही. झडीचं पाणी सांध्यांतून मागे जातंच, मग पट्टीच्या खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर पडतं. ते उतरायला आणि चिरा सुकायला मागे २५ मिमी पोकळी हवी.

आधी ओल कुठून येते ते नीट बघा. मे महिन्यातही जोत्यालगत ओल राहत असेल तर ती जमिनीतून चढते आहे. ती सायडिंगने थांबणार नाही, फक्त झाकली जाईल. ओल फक्त पावसात आणि वरच्या भागात दिसत असेल तर झडच, आणि तिथे हा उपाय योग्य. फुगलेला गिलावा खरवडून नवा करा, भिंत पूर्ण सुकू द्या.

उभ्या बत्त्या (ज्यांवर पट्ट्या स्क्रू करायच्या त्या) ४०० मिमी अंतराने: १६ नग, एकूण ४८ मीटर, शिवाय खिडकीभोवतीच्या वेगळ्या. साध्या लाकडाला वाळवी लागते, अ‍ॅल्युमिनियमची चौकोनी नळी बरी. चिरा मऊ असतो, त्यामुळे भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर भोक सैल होऊन प्लग गरगर फिरतो.

३.६६ मीटर लांब, २०३ मिमी दिसणारी पट्टी साधारण ०.७४ चौरस मीटर झाकते. १८ चौरस मीटरला १० टक्के वाढवून २७ पट्ट्या. खिडकी वजा करू नका, तुकडे तिथेच वाया जातात.

लेव्हल ट्यूब:
बहुतेक कामं बिघडतात ती घट्ट स्क्रूमुळे. व्हिनाइल उन्हात वाढतं: ३० अंश तापमान वाढलं की ३.६६ मीटरची पट्टी साडेसहा मिमी लांबते. सरकायला जागा नसेल तर भिंतीवर लाटा उठतात. म्हणून स्क्रू पट्टीच्या वरच्या कडेतल्या लांबट भोकाच्या मध्यावर, डोकं पट्टीपासून १ मिमी मोकळं. बसवल्यावर पट्टी हाताने डावी-उजवी सरकली पाहिजे. दोन्ही टोकांना जे-चॅनेलमध्ये (पट्टीचं टोक आत घेणारी J आकाराची खाच) ६ मिमी जागा, दोन पट्ट्यांचा चढाव (एकीचं टोक दुसरीवर येतं तो भाग) २५ मिमी. पट्टीची खालची कड खालच्या ओळीत अडकून कुलूप लागलं की थांबा. वर ताणून स्क्रू मारू नका.

स्टार्टर स्ट्रिप (पहिली ओळ जिच्यात अडकते ती सर्वांत खालची पट्टी) जमिनीपासून किमान १५० मिमी वर, लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) मापून. पहिली ओळ वाकडी गेली की छपरापर्यंत वाकडीच. पोकळीचं खालचं तोंड उघडं ठेवून बारीक जाळी लावा, उंदीर शिरतात.

खारा वारा:
स्क्रू ३१६ स्टेनलेसचे, चपट्या रुंद डोक्याचे. गॅल्वनाइज्ड स्क्रू समुद्राकडे लवकर गंजतात आणि तांबडे ओघळ पट्टीवर उतरतात.

खिडकीवर वाकवलेली पत्र्याची पट्टी आधी बसवा, तिची वरची कड गिलाव्यात शिरलेली हवी. मग जे-चॅनेल, वरच्या चॅनेलची जीभ बाजूच्या चॅनेलमध्ये वळवा, म्हणजे पाणी चौकटीमागे जाणार नाही. पट्टी आणि चॅनेलमध्ये सिलिकॉन अजिबात भरू नका.

माडाखालचं घर:
ओल फक्त पावसातच दिसते. चढाव कोणत्या बाजूला ठेवायचा?

लेव्हल ट्यूब:
तुमच्याकडे वारा नैऋत्येचा, म्हणजे भिंतीला तो दक्षिणेच्या टोकाकडून लागतो. काम उत्तरेच्या टोकाकडून सुरू करा, म्हणजे दक्षिणेकडची पट्टी वर येते आणि उघडी कड उत्तरेला राहते. लागोपाठच्या ओळींत सांधे एकावर एक आणू नका.