केनियाचे उंबर आणि गाम्बियाच्या शेळ्या: चित्रपुस्तके वर्गात कशी वाचावीत?

वाचनपेटी (प्रश्न)
जिल्हा परिषद शाळा, तिसरी-चौथीचा जोडवर्ग, २८ मुले. पेटीत दोन इंग्रजी चित्रपुस्तके आली आहेत. एक केनियात झाडे लावण्याची चळवळ उभारणाऱ्या वांगारी मथाईंवरचे, दुसरे गाम्बियातल्या प्लास्टिक पिशव्यांचे. तासिका ४० मिनिटांची. चित्रे मुलांना आवडतात, पण बोलणे ‘झाडे लावा’च्या पुढे सरकत नाही. शिवाय ‘तिकडे आफ्रिकेत फार कचरा असतो’ असा समज होऊन बसतो. भाषांतर करून वाचावे का? आणि पुढे काय करून घ्यावे?

चित्रवाचक
ओळीगणिक भाषांतर करू नका. गोष्टीचा ताल तुटतो आणि मुले चित्र सोडून तुमच्या तोंडाकडे बघत बसतात. दर जोडपानासाठी दोन-तीन मराठी वाक्ये आदल्या दिवशी स्टिकी नोटवर लिहून ठेवा. ३२ पानी पुस्तकाला १४-१५ चिठ्ठ्या पुरतात. माणसांची आणि झाडांची मूळ नावे मात्र तशीच उच्चारा, मुलांना ती म्हणायला मजा येते.

एका पुस्तकाभोवती २८ मुले बसवली की मागच्यांना रंगाचे ठिपके दिसतात, बाकी काही नाही. तिसरी आणि चौथी वेगळी बसवा, पुस्तकापासून दीड-दोन मीटरच्या आत, अर्धवर्तुळात.

पहिल्या फेरीत मजकूर वाचूच नका. दहा मिनिटे नुसती चित्रे. कोण काम करतंय? हातात काय आहे? पहिल्या पानावरची जमीन आणि शेवटच्या पानावरची, यांत काय बदलले? दुसऱ्या फेरीत गोष्ट.

समजाबद्दल: ‘आफ्रिका’ हा शब्द देशाच्या नावासारखा वापरू नका. केनिया म्हणा, गाम्बिया म्हणा, नकाशावर बोट ठेवा. मुंबईहून नैरोबी अरबी समुद्रापलीकडे साधारण साडेचार हजार किलोमीटर. तिथल्या उंच इमारतींचा एक फोटोही दाखवा, नाहीतर झोपड्या आणि जंगल एवढेच मनात राहते. आणि कचऱ्याचे पान आले की लगेच विचारा, अशी जागा आपल्या गावात कुठे आहे?

रानवाट
वांगारींच्या पुस्तकात खरी किल्ली उंबर आहे, ती बहुतेक वर्गांत हातातून निसटते. केनियातले किकुयू लोक ‘मुगुमो’ नावाच्या झाडाला पवित्र मानतात. ते आपल्या वड-पिंपळ-उंबराच्याच कुळातले. वांगारींच्या लहानपणी अशा एका झाडाजवळ झरा होता, पुढे झाड तोडले गेले आणि झराही आटला, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. आपल्याकडेही उंबर दिसला की खाली पाणी असणार, असे जुनी माणसे म्हणतात. म्हणून वाचन झाल्यावर रोप लावायला धावू नका. शाळेभोवतीच्या अर्ध्या किलोमीटरातले उंबर मोजा, गावाच्या नकाशावर ओढा-विहिरींसोबत खुणा करा. यातून काही सिद्ध होत नाही, उंबराला ओलावा मुळातच आवडतो. पण घरी आजी-आजोबांना विचारायला मुलांना प्रश्न मिळतात.

दुसरे, चित्रपुस्तक छोटे करायचे म्हणून सगळे एकाच बाईने केल्यासारखे दिसते. वांगारींनी १९७७ साली सुरू केलेली झाडे लावण्याची ग्रीन बेल्ट चळवळ गावोगावच्या बायकांच्या गटांची होती. स्थानिक झाडांच्या बिया त्या स्वतः गोळा करत, आणि मोबदला मिळे तो जगलेल्या रोपाचा. २००४ साली वांगारींना शांततेचे नोबेल मिळाले, तेव्हा लावलेल्या झाडांची संख्या ३ कोटींवर गेली होती.

हाच नियम वर्गाला लावा: मोजायचे ते जगलेले रोप. चिंच किंवा करंज घ्या. उंबराचे बी फार बारीक, मुलांच्या हाती टिकत नाही. बहाव्याचे कवच कठीण, ते घासल्याशिवाय सहसा उगवत नाही. चिंचोका रात्रभर भिजवा. दुधाच्या रिकाम्या पिशवीला तळाशी पाच-सहा भोके पाडा, दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग वाळू भरा, बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल. रोपे मरतात ती दोन कारणांनी: भोके नसल्याने मुळे कुजतात, किंवा मे महिन्यात पाणी घालणारे कोणी नसते. सुट्टीची पाळी एप्रिलमध्येच ठरवा.

वाचनपेटी
उंबरांची मोजणी नक्की घेते. गाम्बियाच्या पुस्तकानंतर पिशव्यांचे विणकाम घ्यावे का?

चित्रवाचक
सुरुवात त्याने नको. गाम्बियाच्या न्जाऊ गावात इसातू सीसे आणि मैत्रिणी पर्स विणायला बसल्या, कारण प्लास्टिक खाऊन शेळ्या मरत होत्या. कारण राहून गेले तर उरते फक्त हस्तकला. आधी आठवडाभर शाळेतले प्लास्टिक गोळा करून वजन करा, वेगवेगळे ढीग करा. बहुतेक ठिकाणी वेफर्स-बिस्किटांची वेष्टने सर्वांत जास्त निघतात आणि त्यांचे विणकाम होत नाही. मुलांना हेच कळायला हवे.

मग हवे तर चौथीसाठी विणा. धुऊन वाळवलेली पातळ पिशवी आडवी दुमडून २-३ सेंमीचे पट्टे कापा, कापल्यावर गोल वळी निघतात. ती एकमेकांत अडकवून दोरी करा, क्रोशाची सुई ६ ते ८ मिमी जाडीची. पट्टा अरुंद झाला की ओढताना तुटतो. विघटनशील पिशव्या घेऊ नका, काही महिन्यांत भुगा होतो. दुधाच्या पिशव्या जाड, त्यांची चटईसारखी विणच बरी. आणि राज्यात २०१८ पासून कॅरीबॅगवर बंदी आहे, त्यामुळे यासाठी पिशव्या विकत आणू नका.

पुस्तकखण
मुलांच्या हाती प्रती द्यायच्या असतील तर ही दोन पुस्तके झेरॉक्स करू नका, हक्क राखीव असतात. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनाच्या ‘स्टोरीवीव्हर’ संकेतस्थळावर निसर्गावरची मराठी चित्रपुस्तके मुक्त परवान्याने मिळतात. लेखक-चित्रकाराचे नाव ठेवून छापता येतात, बोलीत भाषांतरही करता येते. ए-३ वर छापा, पाच-सहा मुलांत एक प्रत चालते.