टोमॅटोच्या बियांचं तेल: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नारायणगावजवळ आमचं टोमॅटो प्युरीचं छोटं युनिट आहे. पल्परमधून निघालेला चोथा आजवर गोठ्यात जायचा. म्हशी खातात आवडीने, पण दुसऱ्याच दिवशी तो आंबतो आणि वास विचारूच नका!

वाचनात आलं की सुक्या बियांत विसेक टक्के तेल असतं, त्यात निम्म्याहून जास्त लिनोलेइक आम्ल (तेलातलं एक मेदाम्ल), म्हणजे सूर्यफुलाच्या तेलाच्या जातकुळीचं. मग प्रयोग केला. चोथा बादलीत पाण्यात ढवळला, सालं वर तरंगली, बिया तळाशी बसल्या. ताडपत्रीवर तीन दिवस वाळवून आठ किलो बी लाकडी घाण्यावर नेलं. घाणेवाले काका हसले, पण तेल निघालं! जेमतेम पाऊण लिटर, लालसर, गढूळ.

आता प्रश्न असे. रिफाइन न करता हे फोडणीला चालेल का? खाद्यतेल म्हणून विकायला परवाना कोणता लागतो? साबण किंवा त्वचेच्या तेलासाठी कोणी घेतं का? बायोडिझेलचं धाकट्याच्या डोक्यात आहे, पण त्यासाठी लागणारं मिथेनॉल (विषारी, पटकन पेट घेणारं अल्कोहोल) घरात आणायला माझा ठाम नकार. एवढ्याशा तेलात ट्रॅक्टर बांधापर्यंत तरी जाईल का?

पेंड म्हशींना किती द्यावी, हेही कोणी अनुभवी सांगा.