हिजरी (इस्लामी चांद्र कॅलेंडरच्या) तारखा बघून अतिरेकी हल्ले ठरवतात का खरंच?

टिचकी:
रमजान आला की दरवर्षी बातम्यांत हाय अलर्ट सुरू होतो आणि कुणीतरी १७ रमजानचा, म्हणजे पैगंबरांनी जिंकलेल्या बद्रच्या लढाईचा हवाला देतंच. यात तथ्य किती आणि मागाहून जुळवलेलं किती?

घुबड:
तथ्य आहे, पण सरसकट नाही. सगळ्यात पक्कं उदाहरण मक्केचं. २० नोव्हेंबर १९७९ म्हणजे हिजरीत १ मुहर्रम १४००. हल्लेखोरांनी तो नव्या शतकाचा पहिला दिवस धरला. दर शतकाच्या तोंडावर धर्माला उजाळा देणारा कुणीतरी येतो अशी हदीस (पैगंबरांचं वचन) आहे, तिला जुहैमान अल ओतैबी या सौदी अतिरेक्याने महदीची, म्हणजे शेवटच्या काळात येणाऱ्या उद्धारकाची कथा जोडली, स्वतःच्या मेहुण्यालाच महदी म्हणून उभं केलं आणि हत्यारबंद माणसं घेऊन थेट मोठी मशीदच ताब्यात घेतली. दोन आठवडे चाललं ते. महदी त्यातच मेला, जो खरं तर मरायला नको होता. तिथे तारीख बाजूला काढली तर सगळा बेतच उरत नाही.

बिनकामाचा:
आयसिसनेपण खिलाफत जाहीर केली ती २९ जून २०१४ ला, १ रमजान १४३५. पण घोषणा वेगळी नि हल्ला वेगळा. २ मार्च २००४ ला करबला आणि बगदादमध्ये स्फोट झाले तो आशुरा होता, शियांचा शोकाचा दिवस, १० मुहर्रम. मारणाऱ्यांना शियांबद्दल द्वेष होताच, पण त्या दिवशी लाखो लोक ठरलेल्या जागी येतात हेही त्यांना पक्कं ठाऊक. मुहूर्त कसला, गर्दी बघितली.

घुबड:
+१. आणि मेले तेही मुसलमानच, हे अलर्टवाल्या चर्चेत कुणी बोलत नाही.

टिचकी:
म्हणजे आधीपासून तारीख सांगता येत नाही?

बिनकामाचा:
बर्नार्ड लुईससारख्या मध्यपूर्वेच्या दिग्गज अभ्यासकाने २००६ मध्ये लिहिलेलं की २२ ऑगस्टला २७ रजब येतो, मेराजची (पैगंबरांच्या स्वर्गारोहणाची) रात्र, इराण कदाचित काहीतरी करेल. काही झालं नाही. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, अधिक महिना नाही, त्यामुळे प्रत्येक तिथी दरवर्षी दहाअकरा दिवस मागे सरकते, आणि शोधायलाच बसलं तर कुठल्याही दिवसाला काहीतरी सापडतंच की.

घुबड:
आणि ते बद्र! १९७३ मध्ये इजिप्तने सुएझ कालवा ओलांडला त्या मोहिमेचं नावच बद्र. ते सरकारी सैन्य होतं, अतिरेकी नव्हे, आणि तारीख १० रमजान, १७ नव्हे.