बेडरूममधल्या छोट्या फ्रिजचा आवाज कमी कसा करायचा?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही वेंगुर्ल्याजवळ, घर जुनं चिऱ्याचं. आईला इन्सुलिन सुरू झालंय, मोठा फ्रिज मागच्या पडवीत आणि पावसात तिथल्या पायऱ्या कायम ओल्या, म्हणून तिच्याच खोलीत एक छोटा सिंगल डोअर फ्रिज आणून ठेवला. दिवसा काही जाणवत नाही पण रात्री कॉम्प्रेसर चालू झाला की घर्रर्र सुरू, आणि बंद होताना असा हिसका देतो की वर ठेवलेला तांब्या खणखणतो. आईची झोप आधीच सावध, ती दचकून उठून बसते. रात्रीपुरता बंद ठेवला तर चालेल का?

फ्रिजवाला_रत्नागिरी
बंद अजिबात करू नका, न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 डिग्रीतच राहायला हवं. आधी आवाज कुठून येतोय ते शोधा. फ्रिज चालू असताना वरून हाताने दाबा, मग बाजूने, जिथे दाबल्यावर आवाज बदलतो तिथेच काहीतरी लागतंय किंवा ढिलं आहे. मग प्लग काढून मागे बघा, कॉम्प्रेसरवरचा पाण्याचा ट्रे हलतोय का, तांब्याच्या नळ्या एकमेकीला घासतायत का. घासत असतील तर मधे रबराचा तुकडा सरकवा, नळी वाकवायला जाऊ नका, नव्या छोट्या फ्रिजमधे बऱ्याचदा आर-600ए गॅस असतो आणि तो पेट घेतो. आपल्याकडच्या खाऱ्या हवेने कॉम्प्रेसरखालची पट्टी गंजते, बुश म्हणजे त्याखालच्या रबरी गाद्या जुन्या झाल्या की कडक होतात, तसं दिसलं तर मेकॅनिककडून बदलून घ्या, महाग काम नाही.

खाडीकाठ
वरून दाबलं तर आवाज जवळजवळ निम्मा झाला! फ्रिज लाकडी टीपॉयवर आहे आणि पाठ प्लायच्या पार्टिशनला टेकलीय.

माडाखाली
मग सापडलं की हो. पोकळ प्लाय म्हणजे ढोलकीची पुडीच, फ्रिजची थरथर उचलून खोलीभर वाजवते. टीपॉय काढा, फ्रिज खाली फरशीवर घ्या, चिऱ्याच्या भिंतीकडे, आणि भिंतीपासून चार बोटं तरी सुटा. पाय फिरवून चारही टेकतायत ना बघा, जुन्या घरात जमीन कुठे सरळ असते. हार्डवेअरच्या दुकानात वॉशिंग मशीनखाली लावायचे जाड रबरी पॅड मिळतात ते चारही पायांखाली घाला. वरचा तांब्या हलवा. आणि एक, आवाज दाबायला म्हणून गोधडी टाकणं किंवा कपाटात कोंबणं नको, उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसर उलट जास्त वेळ चालतो. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, दार उघडलं तरी गारवा टिकतो.

रेवस_बंदर
हे सगळं सोडून बिनआवाजाचा घ्या ना, हॉटेलच्या रूममधे असतो तसला, त्यात कॉम्प्रेसरच नसतो.

फ्रिजवाला_रत्नागिरी
इन्सुलिनसाठी मी तरी तो सुचवणार नाही. त्या प्रकाराला वीज जास्त लागते आणि मे महिन्यात आपल्या खोल्या तापल्या की तो कमी पडतो. आणखी एक स्वस्त इलेक्ट्रॉनिक कूलर येतो तो तर बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 20 डिग्रीच खाली जातो, खोली 34 ला असेल तर आत 14, काय उपयोग.

मालवणकर
व्होल्टेजपण बघा हां. संध्याकाळी लाईट डाऊन झाली की कॉम्प्रेसर सुरू व्हायला बघतो, हूंऽऽ करतो आणि टक करून ट्रिप होतो, थोड्या वेळाने परत तेच. तो आवाज पॅडने जाणार नाही, स्टॅबिलायझर लागेल. तोपण टकटक करतो, तेव्हा आईच्या उशापासून लांब लावा.

खाडीकाठ
भिंतीपासून सोडवला, खाली घेतला. खूप फरक पडलाय, पॅड उद्या बाजारातून आणतो. इन्सुलिन वरच्या बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवतोय, जास्त गार राहील म्हणून, ते बरोबर ना?

माडाखाली
नाही नाही, तिथून आत्ताच काढा! गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला तसंच असलं तरी वापरायचं नसतं. मधल्या फळीवर ठेवा, मागच्या भिंतीला न टेकवता, आणि शेजारी एक छोटा थर्मामीटर ठेवा. बाटलीत गोठल्याची शंका असेल तर आईला देऊ नका, केमिस्टकडून नवीन आणा.